गोळी कॅल्शियमच्या डबीत

१९७६ साली हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती झाली आणि ज्याला किंवा जिला वारंवार फिट येतात अशा माणसाचं लग्न रद्द करून घ्यायची सोय झाली. वेड आणि अपस्मार कायद्यानं एकाच ओळीत बसवले. १९९९च्या डिसेंबरात अपस्मार त्या ओळीतून काढून टाकला गेला. त्यालाही पाव शतक होऊन गेलं. आज फिट येणाऱ्या माणसाचं लग्न कायद्याच्या नजरेत इतर कोणाच्याही लग्नाइतकंच लग्न आहे. पण आपल्या बैठकीच्या खोलीत अजून शहात्तर सालचाच कायदा चालू आहे आणि तो राबवायला कोर्टाचीसुद्धा गरज पडत नाही. एक आत्याबाई, एक मामा आणि एक मध्यस्थ एवढे पुरतात.

लग्नाच्या बाजारावर आगपाखड पुष्कळांनी करून झाली आहे. मला बोलायचं आहे ते एका गोळीबद्दल, आणि ती गोळी घेणाऱ्या मुलींच्या बाबतीत आपण सगळे मिळून जो अपराध करतो त्याबद्दल. गोळीचं नाव सोडियम व्हॅलप्रोएट. भारतात फिट येणारी माणसं एक कोटीच्या आसपास असावीत, आणि त्यांना सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या औषधांत हे एक आहे. सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही ते आहे.

मुलीचं लग्न ठरतं. हळदीच्या आधी एका दुपारी आई दार लोटून बसते. पुढ्यात चार-पाच स्ट्रिपा. एकेक गोळी वेष्टन फोडून ती कॅल्शियमच्या रिकाम्या डबीत टाकते, टोपण घट्ट लावते आणि रिकाम्या स्ट्रिपा वर्तमानपत्रात गुंडाळून लांबच्या कचराकुंडीत टाकून येते, घरच्या नाही. ‘कोणी विचारलंच तर हाडांसाठी आहे म्हणून सांग.’ मुलगी मान हलवते. आता हे औषध हवेतला ओलावा ओढून घेणारं आहे. म्हणूनच कंपनी एकेक गोळी चंदेरी वेष्टनात बंद करते आणि घ्यायच्या वेळेलाच फोडा म्हणून बजावते. रत्नागिरीच्या नाहीतर पेणच्या श्रावणात ती डबी काही दिवसांनी उघडून पाहा. गोळ्या मऊ पडलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या. ज्या गोळीवर मुलीचा जीव टांगलेला, ती गोळी भरवशाची राहत नाही. आणि हे त्या आईला कोणी सांगितलेलं नसतं, कारण आपण डबी बदलणार आहोत हे तिनं कोणाला सांगितलेलं नसतं.

सासरी डबी कपाटात, साड्यांच्या घडीखाली. रात्रीची गोळी नऊ वाजता. नऊला पाहुणे जेवायला बसलेले असतात, वाढणारी नवी सून असते. गोळी चुकते. त्यात लग्नाची जागरणं, गोंधळ, देवदर्शनाचा रात्रीचा प्रवास, नवरात्राचे उपास. झोपमोड आणि चुकलेली गोळी, फिट यायला एवढी दोन कारणं पुष्कळ झाली. (गोळीनं उपास मोडतो असं मानणाऱ्या घरांत इन्सुलिन घेणारे सासरे मात्र उपास करत नाहीत, हा तपशील मी अनेक घरांतून पाहिला आहे.)

औषधावर माझा राग नाही. व्हॅलप्रोइक आम्ल १८८२ सालापासून रसायनशास्त्रज्ञांना ठाऊक होतं, ते निव्वळ इतर पदार्थ विरघळवण्याच्या कामाचं म्हणून. १९६२च्या सुमारास फ्रान्सात ग्रनोबलला पिएर एमार हा तरुण संशोधक दुसरीच औषधं त्यात विरघळवून तपासत होता. कुठलंही औषध घातलं तरी झटके थांबतायत, तेव्हा थांबवणारा तो विरघळवणारा पदार्थच आहे, हे ध्यानात आलं. १९६७ साली फ्रान्सच्या बाजारात औषध आलं आणि तेव्हापासून त्यानं असंख्य माणसं पायांवर उभी केली. काही प्रकारच्या फिट्सवर त्याच्या तोडीचं दुसरं औषध आजही नाही.

त्यातला एक प्रकार विशेषतः ऐन वयात येणाऱ्या मुलामुलींचा. पहाटे लवकर उठलं, रात्री झोप अपुरी झाली, की सकाळच्या पहिल्या तासाभरात हाताला अचानक झटका बसतो. चहाचा कप उडतो. लाटणं हातातून सुटून भिंतीवर आपटतं. शुद्ध हरपत नाही, म्हणून कोणाला फिट वाटतही नाही. ‘हाताला धडपणा नाही मेलीच्या’ असं आजी म्हणते, आणि वर्ष दोन वर्षं ते तसंच चालतं, एके दिवशी पूर्ण फिट येईपर्यंत. मग दवाखाना. डॉक्टर आलेल्या फिटबद्दल विचारतात. सकाळच्या सांडलेल्या चहाबद्दल विचारत नाहीत आणि घरातलं कोणी सांगत नाही. वेंधळेपणाची तक्रार दवाखान्यात कशाला न्यायची! परिणाम असा की कधी कधी कार्बामॅझेपिन किंवा फेनिटॉइन सुरू होतं, आणि या विशिष्ट प्रकारात ती औषधं झटके वाढवू शकतात. मुलगी आणखी वेंधळी ठरते.

व्हॅलप्रोएटची खरी गोम गर्भारपणात आहे. आईच्या पोटात असताना हे औषध बाळाला मिळालं तर दहातल्या साधारण एका बाळात मोठं जन्मजात व्यंग निघतं. एरवी हे प्रमाण शंभरात दोन-तीन असतं. पाठीचा कणा उघडा राहणं, टाळू दुभंगणं, हृदयाचे दोष. शिवाय दहातल्या तीन-चार मुलांचं बोलणं, चालणं, शिकणं मागे पडतं किंवा स्वमग्नतेसारखं काही समोर येतं. मात्रा जास्त तितका धोका जास्त. १९८२ साली फ्रान्समधल्या ल्योनहून कण्याच्या व्यंगाचा इशारा जगाला दिला गेला होता, म्हणजे हे काही काल कळलेलं नाही. आपल्याच देशात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेनं १९९८ पासून फिट येणाऱ्या गरोदर बायकांची नोंद ठेवली आहे. तिथंही हेच दिसलं: बहुसंख्य बायकांना सुदृढ मुलं होतात, आणि व्यंगाचा धोका व्हॅलप्रोएटमध्ये इतर औषधांपेक्षा जास्त.

बाळाचा कणा गर्भ राहिल्यापासून २८व्या दिवसापर्यंत मिटतो. पाळी चुकून दोन आठवडे होतात न होतात तोच काम झालेलं असतं, चांगलं किंवा वाईट. आशाताई घरी येऊन बाराव्या आठवड्याच्या आत नाव नोंदवते, लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या देते, आणि त्या वेळेवरच्या नोंदणीचं आपण कौतुक करतो. इतर सगळ्यांसाठी ते योग्यच आहे. या एका गोळीच्या बाबतीत बारावा आठवडा म्हणजे वरात गेल्यावर मांडवात येणं. औषध बदलायचं, लॅमोट्रिजिन किंवा लेव्हेटिरासेटाम चालतंय का ते आजमावायचं, मात्रा कमी होते का पाहायची, फॉलिक अ‍ॅसिड डॉक्टर सांगतील त्या जास्त मात्रेत सुरू करायचं, हे सगळं गर्भ राहण्याच्या आधी, बरेच महिने आधी. लॅमोट्रिजिन तर अंगावर पुरळ उठू नये म्हणून आठवड्या-आठवड्यानं थेंबाथेंबानं वाढवावं लागतं, आणि व्हॅलप्रोएट चालू असेल तर निम्म्याच मात्रेनं. घाईचं काम नाही.

म्हणजे ही खबरदारी घ्यायची तर एका बाईला एक वाक्य घरात मोठ्यानं बोलता आलं पाहिजे: ‘मला फिट येतात, माझी गोळी बदलेपर्यंत आपल्याला मूल नको.’ औषधशास्त्रानं सांगितलेली प्रत्येक काळजी या वाक्याच्या पलीकडे सुरू होते. आणि नेमकं हेच वाक्य आपण त्या बाईच्या तोंडातून काढून घेतलं आहे. लग्नाच्या पहिल्या वर्षात ‘गोड बातमी कधी’ म्हणून विचारणारे आपणच, आणि डबी साडीखाली ठेवायला लावणारेही आपणच.

१९२१ साली र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं आणि त्यापायी नोकरी, पैसा, प्रतिष्ठा सगळ्यावर पाणी सोडलं. शंभर वर्षांनी त्याच महाराष्ट्रात मेंदूविकाराचा डॉक्टर एकोणीस वर्षांच्या अविवाहित मुलीला व्हॅलप्रोएट लिहून देतो आणि संततिनियमनाचा शब्द काढत नाही, कारण शेजारी तिचे वडील बसलेले असतात. वडिलांना पाच मिनिटं बाहेर बसा म्हणणं ही काही शस्त्रक्रिया नव्हे. आणि विवाहित बाईलाही हे सांगितलं जात नाही की फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन, फिनोबार्बिटोन ही औषधं संततिनियमनाच्या गोळ्यांचा परिणाम कमी करतात. ती बिचारी नियमानं दोन्ही गोळ्या घेते आणि तरी दिवस जातात. मग ‘विसरली असेल’.

यातला दुसरा अपराध अर्धवट शहाण्यांचा. मोबाइलवर कुठेतरी वाचून कळतं की या गोळीनं बाळाला व्यंग येतं, की घरातलं कोणी तरी म्हणतं, बंद कर आजपासून. गोळी एकदम बंद केली की फिटमागून फिट सुरू होऊ शकते, मध्ये शुद्ध न येता. पाच मिनिटांपुढे फिट थांबली नाही तर ती जिवावरची आणीबाणी असते, बाईच्याही आणि पोटातल्या बाळाच्याही. गोळी चालू असताना दिवस गेले तर करायचं ते एकच: गोळी न थांबवता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. काही बायकांना दुसऱ्या कुठल्याच औषधानं गुण येत नाही. त्यांना कमीत कमी मात्रेत हेच चालू ठेवावं लागतं, पूर्ण माहिती असताना, स्वतःच्या निर्णयानं. तो निर्णय तिचा. सासूचा नव्हे, मध्यस्थाचा नव्हे, आणि माझाही नव्हे.

आता दुष्परिणामांकडे आपलं घर कसं पाहतं ते बघा. व्हॅलप्रोएटनं भूक वाढते, वजन वाढतं, केस गळतात, हात थरथरतात, पाळी अनियमित होते. घर म्हणतं, माहेरी बसून खाल्लंय, कामाची सवय नाही. लेव्हेटिरासेटामनं काही जणांचा चिडचिडेपणा फार वाढतो, मन खचतं. घर म्हणतं, उलट बोलते. फेनिटॉइननं हिरड्या सुजून दातांवर चढतात, म्हणून मुलगी तोंडावर पदर धरून हसायला शिकते. आणि पुरुष असेल, रिक्षा चालवणारा असेल, फेनिटॉइनची मात्रा थोडी जास्त झाल्यानं झोकांड्या खात चालत असेल, तर तो दारू प्यायलेला. या औषधाची एक खोड अशी की एका मर्यादेनंतर मात्रा जराशी वाढवली तरी रक्तातलं प्रमाण एकदम उसळतं. ‘फिट आली, आणखी एक गोळी घे’ असं सांगणाऱ्या शेजाऱ्याला हे माहीत नसतं. माहीत नसण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, सांगण्याबद्दल आहे.

जी लक्षणं खरोखर धावत जाण्यासारखी, ती मात्र घरातच जिरतात. व्हॅलप्रोएट सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत सारख्या उलट्या, अन्नावरची वासना उडणं, गुंगी, डोळे पिवळे होणं म्हणजे यकृताला धक्का बसत असल्याची शक्यता. दोन वर्षांखालच्या मुलांत हा धोका सर्वांत जास्त. पोटात असह्य कळ आली तर स्वादुपिंडाची सूज असू शकते. कार्बामॅझेपिन किंवा लॅमोट्रिजिन सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यांत ताप, अंगावर पुरळ, तोंडात फोड आले तर ते औषधाचं जीवघेणं वावडं असू शकतं, आणि आपल्याकडे अशा मुलीला कडुलिंबाच्या पाल्यावर निजवतात, गोवर म्हणून.

देवऋषी, अंगारा, नाकाशी कांदा आणि चप्पल यांच्यावर मी वेगळं लिहीत नाही. २०१३ सालचा जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, तोंडात चमचा कोंबू नका, हे एव्हाना शाळेतल्या पोरांनाही सांगून झालं आहे. मला राग आहे तो अंगारा न लावणाऱ्यांचा. इंग्रजी वाचणाऱ्यांचा, ज्यांच्या घरात फ्रिजवर औषधांचं वेळापत्रक चिकटवलेलं असतं, मुलीच्या गोळीचं सोडून.

औषधाच्या खोक्यात माहितीचा कागद असतो. एका खोक्यात दहा स्ट्रिपा, कागद एक, तो मेडिकलवाल्याकडे राहतो आणि संध्याकाळी केरात जातो. गिऱ्हाईक सहा गोळ्या मागतं, कात्री चालते, औषधाचं नाव आणि मुदतीची तारीख असलेला तुकडा काउंटरवरच राहतो. हातात येतात त्या सहा बिननावाच्या गोळ्या. तीन वर्षांपूर्वीच्या चुरगळलेल्या चिठ्ठीवर. लाल रेघ स्ट्रिपवर छापलेली असते, ती काय म्हणून असते हे मेडिकलवाल्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. आणि सरकारी ओपीडीत ज्या डॉक्टरसमोर शंभर जणांची रांग आहे त्याच्याकडून तासभराचं समुपदेशन मी मागत नाही. केसपेपरवर मराठीत दोन ओळी मागते: ही गोळी एकदम बंद करू नका; मूल हवं असेल तर आधी भेटा. त्याचा रबरी शिक्का करून घेता येतो. ब्रिटनमध्ये व्हॅलप्रोएट घेणाऱ्या मूल होण्याच्या वयातल्या बाईला दरवर्षी धोका समजावून तिची सही घेण्याची पद्धत आहे, आणि जानेवारी २०२४ पासून तिथं पंचावन्नच्या आतल्या कोणालाही, बाई असो की पुरुष, हे औषध नव्यानं सुरू करायचं तर दोन तज्ज्ञांचं एकमत लागतं. तशी सही घेणारा दवाखाना मी इथं पाहिलेला नाही.

त्या देशांतही हे सहजासहजी झालं नाही. फ्रान्समध्ये मरीन मार्तँ या आईनं २०११ साली पीडित मुलांच्या पालकांची संघटना उभी केली, वर्षानुवर्षं सरकार आणि कंपनीशी भांडली, आणि शेवटी सरकारला नुकसानभरपाईची व्यवस्था करावी लागली. ब्रिटनमध्ये ज्युलिया कंबरलेज यांच्या समितीनं २०२० साली अहवाल दिला, त्यात आयांचं म्हणणं दशकानुदशकं ऐकलंच गेलं नाही असं स्पष्ट नोंदवलं. हे वाचताना मला सारखं जाणवत राहिलं की अशी आई महाराष्ट्रात उभी राहणं जवळपास अशक्य आहे. मुलाला न्याय मागणाऱ्या अर्जाची पहिलीच ओळ ‘मला फिट येतात’ अशी लिहावी लागेल. ती ओळ लिहिली की नवऱ्याच्या वकिलाला आयतं कोलीत. १९९९ नंतर अपस्मार हे कारण उरलं नसलं तरी ‘लपवून ठेवलं, फसवणूक केली’ या कलमाखाली लग्न रद्द करायचे अर्ज होतातच. सांगितलं तर लग्न होत नाही, नाही सांगितलं तर फसवणूक. असा पेच आपण उभा करून ठेवला आहे, आणि वर मुलीच्या बापाला विचारतो की खरं का नाही सांगितलंत.

मुलग्यांना हे कोणी विचारत नाही. मुलाला फिट येत असतील तर ‘लहानपणी यायच्या, आता नाही’ एवढ्यावर भागतं. गोळी चालू आहे का, कोणती, हे विचारायची मुलीकडच्यांची छाती होत नाही. गर्भधारणेआधीच्या तीन महिन्यांत बाप व्हॅलप्रोएट घेत असेल तर मुलाच्या वाढीवर परिणाम होण्याची शक्यता आहे, म्हणून पुरुषांनीही डॉक्टरांशी बोलून घ्यावं, असं युरोपातल्या औषध नियामकांनी २०२४च्या सुरुवातीला सांगितलं. धोका आईपेक्षा पुष्कळ कमी, आणि पुरावा अजून पक्का नाही. तरी सांगितलं. आपल्याकडे व्यंग असलेलं मूल झालं की आधी सून पाहतात, मग तिचं माहेर, मग तिच्या माहेरची कुळी.

पुण्यात यशोदा वाकणकर यांची संवेदना फाउंडेशन फिट येणाऱ्यांसाठी आधारगट चालवते आणि त्यांच्यासाठी वधू-वर मेळावेही घेते. तिथं पहिल्याच भेटीत फिट किती येतात, गोळी कोणती, मूल हवं का, हे मोकळेपणानं बोललं जातं. काम मोलाचं आहे. पण अशा मेळाव्याची गरज पडावी यात आपल्यासाठी काही अभिमानाचं नाही. इतरांच्या दारात ही माणसं उभी राहू शकत नाहीत, म्हणून त्यांनी आपापसात मांडव घातला.

हे सगळं बोललं की समोरून एकच प्रश्न येतो: मग आमच्या मुलींची लग्नं व्हायची कशी? प्रश्न बरोबर माणसाला विचारला जात नाही, एवढंच. विचारणाऱ्यांच्या घरात मुलगेही आहेत. गेल्या मोसमात त्यांच्याकडे आलेली स्थळं त्यांनी परत पाठवली असतील. एखाद्या बापानं धीर करून खरं सांगितलंही असेल. त्या संध्याकाळी मुलगी आवडली होती का, मुलाला विचारलं होतं का, डॉक्टरला फोन केला होता का, की ‘पत्रिका जुळत नाही’ असं कळवून मोकळे झालात?